अठराव्या वर्षी परत आलेले राज्य : म्हैसूरचे चामराजेंद्र वाडियार

बंगळूर शहराच्या वायव्येस असलेला मल्लेश्वरम हा भाग आज मोठ्या वृक्षांच्या रस्त्यांसाठी, फुलांच्या बाजारासाठी आणि जुन्या संगीतसभांसाठी ओळखला जातो. या भागाला नाव मिळाले ते काडु मल्लेश्वराच्या मंदिरावरून. काडु म्हणजे रान. सतराव्या शतकात हे देऊळ खरोखरच रानात, मल्लपुर नावाच्या खेड्याजवळ उभे होते आणि ते बांधविले शहाजीराजांचे पुत्र व शिवछत्रपतींचे सावत्र बंधू वेंकोजीराजे यांनी. १६६९ मध्ये या देवास एक गाव इनाम दिल्याची नोंद शिलालेखात आहे. पुढे बंगळूरचे ठाणे म्हैसूरच्या चिक्कदेवराज वाडियारांना तीन लाखांना विकण्याची बोलणी वेंकोजीराजांनी चालविली असता १६८७ मध्ये मुघल सेनापती कासिमखानाने ते ताब्यात घेतले आणि त्याच किमतीला ते चिक्कदेवराजांच्या हवाली केले. भोसल्यांचे बंगळूर वाडियारांचे झाले ते असे.

त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी या देवळाभोवतीच्या रानात चौकोनी भूखंड, सरळ रस्ते आणि घरांमागून जाणाऱ्या सफाईच्या गल्ल्या अशी नव्या वसाहतीची आखणी झाली. ती ज्यांच्या कारकिर्दीत झाली, ते म्हैसूरचे दहावे चामराज, अर्थात चामराजेंद्र वाडियार. अवघ्या ३१ वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या वाट्याला जे आले, ते त्या काळातील हिंदुस्थानात कोणत्याही तरुणाच्या वाट्याला आले नव्हते. वयाची अठरा वर्षे पूर्ण होताच त्यांना एक संपूर्ण राज्य परत मिळाले. हे राज्य त्यांच्या जन्मापूर्वी ३२ वर्षे परक्यांच्या हाती गेलेले होते. आणि ते परत मिळाले ते अटींच्या लांबलचक यादीसह.

या अटी का आल्या, हे कळण्यासाठी त्यांच्या आजोबांकडे जावे लागते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला आणि इंग्रजांनी जुन्या वाडियार घराण्यातील एका मुलास गादीवर बसविले. तिसरे कृष्णराज या नावाने गादीवर आलेल्या या मुलास तेव्हा पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कारभार दिवाण पूर्णय्या यांच्याकडे होता. देशस्थ माध्व ब्राह्मण असलेल्या या मुत्सद्द्याने हैदर, टिपू आणि आता इंग्रजांनी बसविलेला राजा अशा तिन्ही राजवटींत खजिना सांभाळला. राजपुत्र सोळा वर्षांचा झाल्यावर त्याने कारभार मागितला. हिंदू धर्मशास्त्राच्या प्रचलित समजुतीप्रमाणे सोळावे वर्ष हे सज्ञानपणाचेच वर्ष होते. १८११ मध्ये पूर्णय्या बाजूला झाले आणि पुढच्याच वर्षी वारले. भरलेला खजिना आणि कोवळे वय यांचा मेळ फार काळ बसला नाही. खर्च वाढला, वसुलीचे मक्ते दिले गेले, रयत नाडली गेली आणि १८३० मध्ये नगर प्रांतात बंड उसळले. १८३१ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंक यांनी राजाच्या हातून कारभार काढून घेतला. राजाचा किताब, राजवाडा आणि तनखा कायम राहिला, राज्य मात्र कमिशनरांकडे गेले. आपण घाई केली, असे बेंटिंक यांना स्वतःलाही पुढे वाटले होते. परंतु गेलेले राज्य परत आले नाही.

यानंतरची सदतीस वर्षे कृष्णराज ते परत मागत राहिले. मार्क कबन यांच्यासारख्या कमिशनरांनी बंगळुरात बसून कारभार केला, रस्ते बांधले, हिशेब लावले. राजा म्हैसुरात पंडित, चित्रकार आणि ग्रंथ यांच्यात रमला. त्यांना औरस पुत्र नव्हता आणि दत्तक घेतल्यास तो मान्य होईल की नाही याची खात्री नव्हती. सातारा, नागपूर, झाशी ही नावे त्या काळी सर्वांच्या स्मरणात ताजी होती. तरीही १८६५ मध्ये त्यांनी आपल्या मुलीच्या घराण्यातील, बेट्टदकोटे येथील अरसु कुळातील एका बालकास दत्तक घेतले. हेच चामराजेंद्र. त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८६३ चा, म्हणजे दत्तविधानाच्या वेळी ते दोन वर्षांचे होते. कलकत्त्याच्या सरकारने प्रथम हे दत्तक राज्यापुरते मानले नाही. अखेर १८६७ मध्ये लंडनहून भारतमंत्र्यांनी ते मान्य केले. पुढच्या वर्षी २७ मार्च रोजी कृष्णराज वारले आणि २३ सप्टेंबर १८६८ रोजी साडेपाच वर्षांचा मुलगा म्हैसूरच्या गादीवर बसला.

त्या वेळी निघालेल्या जाहीरनाम्यात एक कलम होते. राजा सज्ञान होईल, म्हणजे अठरा वर्षांचा होईल, तेव्हा राज्य त्याच्याकडे सोपविले जाईल. परंतु त्या वेळी तो लायक ठरला तरच, आणि त्या वेळी ठरतील त्या अटींवर. त्यानंतरची साडेबारा वर्षे या मुलाचे सारे जीवन या एका वाक्याभोवती फिरत राहिले. सज्ञानपण कोणासही वयानेच येते. या मुलाला मात्र वयाबरोबर परीक्षाही द्यावयाची होती, आणि परीक्षक तेच होते ज्यांना उत्तीर्ण केल्यावर ताब्यातील राज्य सोडावे लागणार होते.

अठरा हा आकडा तेव्हा सर्वत्र रूढ झालेला नव्हता. १८७५ मध्ये हिंदुस्थानच्या सज्ञानतेचा कायदा झाला आणि त्याने ब्रिटिश हद्दीत सर्वसाधारणपणे अठरा हे वय ठरविले. त्यातही एक मेख होती. ज्या अज्ञान मुलाचा पालक न्यायालयाने नेमला असेल किंवा ज्याची मालमत्ता कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या ताब्यात असेल, तो एकवीस वर्षांपर्यंत अज्ञानच राही. ज्याची इस्टेट मोठी, त्याला थोरपण उशिरा, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होई. हा भेद रद्द व्हायला १९९९ साल उजाडावे लागले. शिवाय विवाह, घटस्फोट, दत्तक आणि धर्म या बाबी त्या कायद्याने वगळल्याच होत्या. म्हणजे आठ वर्षांच्या मुलीला एक गुंठा जमीन विकता येत नसे, पण तिचे लग्न मात्र लावता येत असे. ही विसंगती पुढे चामराजेंद्रांच्या राज्यापुढे प्रश्न म्हणून यावयाची होती.

बालराजाचे पालक म्हणून सरकारने १८६९ मध्ये कर्नल मॅलेसन यांची नेमणूक केली. १८५७ च्या उठावाचा इतिहास लिहिणारे ते हेच मॅलेसन. राजवाड्याच्या अंतःपुरापासून दूर, सरदार घराण्यांतील समवयस्क मुलांबरोबर राजाला शिकवावे, असा बेत ठरला. इंग्रजी, कानडी, गणित, इतिहास, घोड्यावरची रपेट, क्रिकेट असा तो अभ्यास होता. मालमत्तेचे निर्णय पालकच घेत. १८७३ मध्ये बंगळुरात रेव्हरंड गॅरेट यांच्या मालकीची वास्तू अज्ञान राजाच्या खाजगी शिलकेतून ४० हजार रुपयांना विकत घेण्यात आली. मल्लेश्वरमच्या पूर्वेस आज जो बंगळूरचा राजवाडा म्हणून दाखविला जातो, तो हाच. त्या खरेदीच्या वेळी नव्या मालकाचे वय दहा वर्षे होते.

नोव्हेंबर १८७५ मध्ये इंग्लंडचे युवराज मुंबईस आले. त्यांच्या स्वागतासाठी जमलेल्या राजेरजवाड्यांत दोन बारा वर्षांची मुले होती. एक म्हैसूरचे चामराजेंद्र आणि दुसरे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. मराठी वाचकांना सयाजीरावांची कथा परिचित आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा मुलगा त्याच वर्षी मे महिन्यात महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला होता. त्याचा जन्म ११ मार्च १८६३ चा, म्हणजे चामराजेंद्रांपेक्षा तो केवळ सतरा दिवसांनी लहान. दोघेही दत्तक, दोघेही इंग्रज शिक्षकांच्या हाताखाली आणि दोघांच्याही राज्याचा कारभार तोवर दुसऱ्यांकडे. बडोद्यात तो तंजावरकडील मराठीभाषक मुत्सद्दी सर टी. माधवराव पाहत होते. फरक एवढाच, की बडोद्यात एक राजा दोषी ठरवून पदच्युत केला असला तरी राज्य गेले नव्हते. म्हैसुरात राज्यच गेले होते.

याच सुमारास म्हैसूरवर मोठे संकट कोसळले. १८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळात संस्थानातील सुमारे दहा लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे. लोकसंख्येचा जवळजवळ पाचवा हिस्सा नाहीसा झाला. पन्नास वर्षांचा कमिशनरांचा कारभार, त्याची शिस्त, त्याचे रस्ते, या सर्वांची कसोटी या दोन वर्षांत लागली आणि तो तीत उतरला नाही, असे म्हणण्यास जागा आहे. दुष्काळ संपला तेव्हा संस्थानच्या डोक्यावर ब्रिटिश सरकारचे सुमारे ८० लाखांचे कर्ज होते. सज्ञान होणाऱ्या राजाला वारसा मिळणार होता तो हा.

दुष्काळ सरत असतानाच, मे १८७८ मध्ये, पंधरा वर्षांच्या चामराजेंद्रांचा विवाह झाला. वधू केंपनंजम्मण्णी या सुमारे बारा वर्षांच्या होत्या. त्या काळाच्या मानाने हे वय लहान समजले जात नसे, उलट थोडे थांबल्यासारखेच मानले जाई. राज्य चालविण्यास अठरा वर्षे लागतात, असे म्हणणाऱ्या सरकारला संसार मांडण्याच्या वयाविषयी काही म्हणावयाचे नव्हते.

२५ मार्च १८८१ रोजी म्हैसुरात राज्यप्रत्यर्पणाचा समारंभ झाला. चामराजेंद्र अठरा वर्षे, एक महिना आणि तीन दिवसांचे होते. मावळते चीफ कमिशनर जेम्स गॉर्डन यांनी कारभार राजाच्या स्वाधीन केला आणि ते स्वतः रेसिडेंट म्हणून तेथेच राहिले. कालचा पालक आज सल्लागार झाला, पण गेला नाही. गमावलेले राज्य पन्नास वर्षांनी युद्धावाचून परत मिळाल्याचे असे दुसरे उदाहरण ब्रिटिश हिंदुस्थानच्या इतिहासात सापडणे कठीण. त्यामुळे देशभरातील वृत्तपत्रांचे लक्ष म्हैसूरकडे लागले होते. अठरा वर्षांचा हा तरुण यशस्वी झाला तर हिंदी माणसाला राज्य करता येते, असे सिद्ध होणार होते, आणि अपयशी ठरला तर त्याच्या आजोबांचे उदाहरण पुन्हा पन्नास वर्षे सांगितले जाणार होते.

समारंभाआधी, १ मार्च रोजी, हस्तांतरणाची सनद तयार झाली होती. ती वाचली की या सज्ञानपणाचे खरे माप कळते. महाराजांनी नवे किल्ले बांधू नयेत, जुने दुरुस्त करू नयेत. शस्त्रे तयार करू नयेत. स्वतःचे नाणे पाडू नये. इतर संस्थानांशी परस्पर पत्रव्यवहार ठेवू नये. परवानगीवाचून युरोपीय नोकर नेमू नयेत. हस्तांतरणाच्या दिवशी जे कायदे अमलात असतील, ते गव्हर्नर जनरलच्या संमतीवाचून बदलू नयेत. रेल्वे आणि तारायंत्रासाठी लागेल ती जमीन विनामूल्य द्यावी. वार्षिक खंडणी साडेचोवीस लाखांवरून पस्तीस लाखांवर न्यावी. दुष्काळी कर्जामुळे ही वाढ पाच वर्षे आणि नंतर आणखी दहा वर्षे पुढे ढकलली गेली, एवढीच सवलत. आणि कारभार बिघडला असे गव्हर्नर जनरलला वाटले, तर राज्य पुन्हा ताब्यात घेण्याचा अधिकार त्याच्याकडे राहिला.

बंगळूर शहराचीही वाटणी झाली. पूर्वेकडील छावणी, म्हणजे कॅन्टोन्मेंट, ब्रिटिशांनी आपल्याकडे ठेवली. तेथे महाराजांचा कायदा चालत नसे. जुने पेठेचे शहर आणि त्याच्या पश्चिमेचा व वायव्येचा मुलूख महाराजांकडे आला. मध्ये कबन पार्क होते. मल्लपुर आणि काडु मल्लेश्वर हे या वाटणीत महाराजांच्या बाजूस पडले. ही सीमा कागदावरची असली तरी शहराच्या स्वभावात ती दीर्घकाळ राहिली. छावणीत इंग्रजी व तमिळ, पेठेत कानडी आणि तेलुगू. छावणी म्हैसूरला परत मिळाली ती १९४७ मध्ये.

अटींच्या या चौकटीत राहून नवा राजा काय करू शकत होता? पहिले मोठे पाऊल पाच महिन्यांतच पडले. पहिले दिवाण सी. रंगाचार्लु यांच्या सल्ल्याने ऑगस्ट १८८१ मध्ये प्रतिनिधी सभेचा हुकूम निघाला आणि ७ ऑक्टोबर रोजी दसऱ्याच्या निमित्ताने म्हैसुरात १४४ सदस्यांची पहिली बैठक भरली. हे सदस्य बहुतांशी जमीनदार आणि व्यापारी होते. त्यांना कायदे करण्याचा अधिकार नव्हता, मतदान नव्हते. गाऱ्हाणी मांडावयाची आणि वर्षाचा जमाखर्च ऐकावयाचा, एवढेच त्यांचे काम. तरीही एखाद्या संस्थानाच्या दिवाणाने तालुक्यांतून आलेल्या माणसांसमोर उभे राहून हिशेब द्यावा, ही गोष्ट त्या काळी नवीन होती. राष्ट्रीय सभेची स्थापना व्हायला अजून चार वर्षे होती. १८९१ पासून या सभेत मालमत्तेच्या आधारावर निवडणुकीची पद्धतही आली. स्त्रियांना अर्थातच तीत स्थान नव्हते. अठरा वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकास मत, ही कल्पना तर फार दूरची होती. स्वतंत्र भारतातही मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले ते १९८९ मध्ये.

रंगाचार्लु १८८३ च्या जानेवारीत वारले आणि के. शेषाद्री अय्यर दिवाण झाले. पुढील अठरा वर्षे ते त्या पदावर होते. बंगळूर-म्हैसूर रेल्वे, कोलारच्या सोन्याच्या खाणी, प्राच्य ग्रंथालय, पुराणवस्तू खाते, मुलकी सेवेच्या परीक्षा, अशी या कारकिर्दीची कामे सांगितली जातात आणि त्यांचे श्रेय बहुधा दिवाणांना दिले जाते. ते पुष्कळसे योग्यही आहे. चामराजेंद्र स्वभावाने शांत होते आणि दैनंदिन कारभारात फारसे ढवळाढवळ करीत नसत. परंतु आजोबांच्या कारकिर्दीची आठवण ठेवली तर या संयमाची किंमत कळते. अठराव्या वर्षी हाती सत्ता आलेल्या माणसाने कर्तबगार दिवाण निवडावा, त्याला दीर्घकाळ पाठीशी घालावे आणि खजिन्यास हात लावू नये, हा निर्णयच होता. तो न घेणारे राजे त्या काळी कमी नव्हते.

महाराजांचे मन रमे ते संगीतात आणि नाटकात. ते स्वतः व्हायोलिन वाजवीत. वीणावादक शेषण्णा आणि सुब्बण्णा यांना त्यांचा आश्रय होता. त्या काळात सांगलीकडील मराठी नाटक मंडळ्या कर्नाटकात दूरवर प्रयोग करीत हिंडत आणि तेथील व्यावसायिक रंगभूमीला त्यांच्यामुळे चालना मिळाली, हे कानडी नाट्येतिहासकारही मान्य करतात. म्हैसूरच्या राजवाड्यानेही आपली नाटक मंडळी उभी केली आणि दरबारचे पंडित बसवप्पा शास्त्री यांनी तिच्यासाठी शाकुंतल कानडीत आणले. १८९२ च्या अखेरीस एक तरुण संन्यासी म्हैसुरात पाहुणा म्हणून राहिला. त्याच्या परदेशगमनाच्या खर्चास महाराजांनी हातभार देऊ केला. हे संन्यासी म्हणजे स्वामी विवेकानंद. पुढे त्यांनी शिकागोहून महाराजांना पत्रही पाठविले. दोघांचे वय जवळजवळ एकच होते.

विवाहाच्या वयाचा प्रश्न देशभर पेटला तो याच दशकात. मुंबईत रखमाबाईंनी अजाणत्या वयातील लग्न मानण्यास नकार दिला आणि १८८४ पासून चार वर्षे तो खटला गाजला. बेहरामजी मलबारी यांनी चळवळ चालविली. १८९१ मध्ये ब्रिटिश सरकारने संमतिवयाचा कायदा करून मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हा पुण्यात टिळक आणि सुधारक यांच्यात झालेला वाद मराठी वाचकांस ठाऊक आहे. परक्या सरकारने घरात हात घालू नये, हा विरोधकांचा प्रमुख मुद्दा होता. म्हैसुरात हा मुद्दा तसाच्या तसा लागू पडत नव्हता, कारण तेथे सरकार परके नव्हते. धर्म पाळणारा हिंदू राजा, ब्राह्मण दिवाण आणि प्रतिनिधींची सभा, अशा राज्यापुढे हा विषय आला.

१८९४ मध्ये म्हैसूर संस्थानाने बालविवाह प्रतिबंधक नियम केला. त्यानुसार आठ वर्षांखालील मुलीचा विवाह लावणे हा गुन्हा ठरला. पन्नास वर्षांवरील पुरुषाने चौदा वर्षांखालील मुलीशी लग्न करणे हाही गुन्हा ठरला. आजच्या दृष्टीने हे फारच थोडे आहे. आठ वर्षे ही मर्यादा इतकी खालची होती, की बहुतेक बालविवाह तिच्या वरच होत असत. पण ब्रिटिशांच्या कायद्याने केवळ सहवासाचे वय वाढविले होते, विवाहाचे नव्हे. लग्नालाच कायद्याने किमान वय ठरविण्याचे धाडस म्हैसूरने केले. सयाजीरावांच्या बडोद्याने १९०४ मध्ये मुलींसाठी बारा आणि मुलांसाठी सोळा अशी मर्यादा घातली, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात शारदा कायदा १९२९ मध्ये झाला. सज्ञानपणाच्या कायद्याने विवाहाकडे जी पाठ फिरविली होती, ती फिरवून समोर आणण्याचे काम आधी संस्थानांनी केले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आणि त्यांतील दोन्ही राजे स्वतः सतराच दिवसांच्या अंतराने जन्मलेले, पालकांच्या देखरेखीखाली थोर झालेले होते.

याच वर्षांत बंगळूर पेठेबाहेर पसरू लागले. दक्षिणेस महाराजांच्या नावाने चामराजपेट वसले, बसवनगुडीची आखणी झाली आणि उत्तरेस काडु मल्लेश्वराच्या परिसरात मल्लेश्वरम आखले गेले. गजबजलेल्या पेठेतील लोकांनी मोकळ्या हवेत राहावयास यावे, हा हेतू होता. शहराला पाणी पुरविण्यासाठी अर्कावती नदीवरील हेसरघट्टा तलावातून नळ आणण्याची योजना १८९४ मध्ये हाती घेतली गेली आणि तिला चामराजेंद्र वॉटर वर्क्स असे नाव मिळाले. १८९६ मध्ये पाणी शहरात आले. महाराजांना ते पाहावयास मिळाले नाही.

१८९४ च्या डिसेंबरात चामराजेंद्र कुटुंबासह कलकत्त्यास गेले होते. तेथे त्यांना घटसर्प झाला. लहान मुलांना होणारा म्हणून ओळखला जाणारा हा रोग. २८ डिसेंबर रोजी त्यांचे निधन झाले. वयाची बत्तीस वर्षे पूर्ण होण्यास दोन महिने उरले होते. योगायोग असा, की तेरा वर्षांपूर्वी याच तारखेस बडोद्यात सयाजीरावांना राज्याची मुखत्यारी मिळाली होती. सयाजीराव पुढे १९३९ पर्यंत जगले आणि त्यांच्या हातून जे झाले ते सर्वज्ञात आहे. चामराजेंद्रांना राज्य करण्यास मिळाली ती पावणेचौदा वर्षे. कलकत्त्यातच कालीघाट परिसरात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेथे दक्षिणी शैलीत त्यांचे स्मारक बांधण्यात आले.

मागे राहिले ते पुन्हा अज्ञान वारसच. थोरले चिरंजीव कृष्णराज दहा वर्षांचे होते. पण या वेळी कारभार कमिशनरांकडे गेला नाही. विधवा महाराणी केंपनंजम्मण्णी रीजंट झाल्या. बाराव्या वर्षी राजवाड्यात आलेल्या या स्त्रीने अठ्ठाविसाव्या वर्षी राज्य हाती घेतले आणि साडेसात वर्षे सांभाळले. १८९७ मध्ये म्हैसूरचा जुना राजवाडा आगीत जळाला. १८९८ मध्ये बंगळुरात प्लेग शिरला, पेठेतील घरे ओस पडू लागली आणि माणसे मल्लेश्वरम व बसवनगुडीच्या मोकळ्या भूखंडांकडे धावली. आखलेल्या रस्त्यांवर खरी वस्ती झाली ती या भयाने. कृष्णराजांच्या शिक्षणासाठी आलेले स्टुअर्ट फ्रेझर हे त्यापूर्वी कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे शिक्षक होते. शाहू महाराजांना अधिकार मिळाले होते ते १८९४ च्या एप्रिलमध्ये, विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर.

कृष्णराज अठरा वर्षांचे झाल्यावर ८ ऑगस्ट १९०२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी म्हैसुरात येऊन त्यांना राज्याधिकार दिले. १८८१ च्या सनदेतील अटी तेव्हाही कायमच होत्या. त्यांची जागा दोन्ही पक्षांतील तहाने घेतली ती १९१३ मध्ये, लॉर्ड हार्डिंज यांच्या काळात. चामराजेंद्रांच्या मृत्यूला तेव्हा एकोणीस वर्षे होत आली होती. कबन पार्कला १९२७ मध्ये अधिकृतपणे त्यांचे नाव देण्यात आले. बंगळूरकर मात्र आजही त्यास कबन पार्क असेच म्हणतात.